आतून लागणारी कडी

डोंगराच्या पायथ्याला, माणसांपेक्षा मेंढरं जास्त, असं एक गाव होतं. गाव लहान, पण मनानं मोठं. त्या गावात एके दिवशी सुभाना नावाचा तरणा पोरगा येऊन टेकला. मिसरूड नुकतं फुटलेलं, काखेत एक गाठोडं. आई-बाप साथीत गेले होते आणि चुलत्यानं त्याला बाहेर काढून आतून कडी लावून घेतली होती.

गावानं त्याला टाकलं नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे वार लावून दिले. सोमवारी धोंडू सुताराकडे, मंगळवारी हणमा गवंड्याकडे, बुधवारी कोंडाआत्याकडे, असा आठवडा भरला. ज्या घरी वार, तिथंच जेवण आणि तिथंच पथारी. सुभाना ताटाला आधी हात जोडायचा, मग घास मोडायचा.

गावात रंगोबा सणगर घोंगड्या विणायचे. आता त्यांचे हात थरथरत. घरात दुसरा माग मांडायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी सुभानाला लोकरीचं सूत आणि आपला जुना माग बरोबर न्यायला दिला. म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक घोंगडी विणून दाखव. जमली, तर माझं काम पुढं तू चालव."

सुभाना हरखला. पण उभं सूत एकदा ताणून बांधलं, की विणून होईपर्यंत हलवायचं नसतं. आणि सुभानाला तर रोज हलायचं होतं. ज्यांनी भाकरी दिली, त्यांच्याच ओसरीत पसारा कसा ठेवायचा, अशी त्याला भीड. सोमवारी ताणलेलं सूत तो मंगळवारी गुंडाळायचा, बुधवारी परत ताणायचा. दिवाळी जवळ आली तेव्हा हातात नुसता गुंता होता.

"आयतं मिळतंय गिळायला, हात कशाला हलतील?" धोंडू सुतार म्हणाला.

"मी दुसरा कोणी बघतो," रंगोबा म्हणाले.

सुभानानं ऐकलं. गाठोडं उचललं आणि कोंडाआत्याच्या दारात गेला.

"आत्या, येतो मी. तुमच्या भाकरीचे लई उपकार झाले."

आत्या पीठ मळत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग गाठोड्याकडे. "आलास तेव्हा गाठ होती तशीच आहे की रे! हे कधी सोडतोस का नाही?"

"सोडून काय करू, आत्या? उद्या परत बांधायचंच असतं."

आत्याचा हात परातीतच थांबला. तशीच पिठाच्या हातांनी ती पारावर बसलेल्या गावकऱ्यांकडे गेली. "ऐका रे," ती म्हणाली, "आपण पोराला सात घरं दिली. घर काही दिलं नाही."

माना खाली गेल्या. मग मात्र सगळं गाव कामाला लागलं. तेलघाण्याचं जुनं छप्पर ओस पडलं होतं, ते नीट करायचं ठरलं. हणमानं भिंत घातली. धोंडूनं आपल्या घरी बसून सागवानी दार केलं. बसवायला आणलं, तर दार चौकटीपेक्षा बोटभर मोठं!

"भिंत फोड!" धोंडू म्हणाला.

"दार तास!" हणमा म्हणाला.

कोंडाआत्या कपाळावर हात मारून हसली. "वार लावायची खोड गेली नाही तुमची. जो तो आपल्या दिवसाचा राजा! एकमेकांना विचारा की जरा. आणि ज्याला राहायचं, त्याला विचारलं का कोणी?"

सगळे सुभानाकडे वळले. आजवर त्याला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "दार कसलंही चालेल. फक्त कडी मला आतून लावता यावी."

धोंडूनं तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि रंधा उचलला. हणमानं चौकट धरली. दोघांनी मापं जुळवली, दार बसलं. रंगोबांनी स्वतः येऊन माग मांडून दिला. सुभानानं गाठोडं सोडलं, आईचं जुनं लुगडं खुंटीला टांगलं. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग दार सताड उघडं ठेवून बाहेर आला आणि सगळ्यांच्या पाया पडला.

घोंगडी झाली, पण दिवाळी उलटल्यावर. रंगोबांनी तिच्यावरून हात फिरवला. "काठ वाकडा आहे. पण वीण सुटायची नाही. उद्यापासून कामाला ये."

ती घोंगडी सुभानानं विकली नाही. आपल्या खोलीच्या कोपऱ्यात अंथरून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात तसाच एक पोरगा गाठोडं पोटाशी धरून पारावर दिसला. या वेळी कोणी वार लावले नाहीत. सगळे मिळून त्याच्याजवळ बसले, त्याला काय हवं ते विचारलं. सुभाना त्याला खोलीवर घेऊन आला, घोंगडीवर बसवलं आणि म्हणाला,

"सोड गाठ, भावा. इथं उद्या परत बांधायची नसते."

तात्पर्य: बेघर पोराला ज्यानं त्यानं आपल्या दारात दिलेला घास मोलाचाच, पण त्याला घर मिळतं ते सगळ्यांनी एकत्र बसून, त्यालाही विचारून, एक दार उभं केलं तेव्हाच.