मेंढपाळणीचा चबुतरा

"…आणि म्हणे ती मातीची मेंढपाळीण सायलसनं मास्तरांच्या घरातूनच—"

हापशावर हॅनाबाई बोलता बोलता गप्प झाली. समोरून सायलसच येत होता. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

अर्धी बादली तशीच उचलून बाई चालू लागली. आता काय समजायचं ते समजा.

गाव इंग्लंडातलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातलं, भट्ट्यांच्या धुरात बुडालेलं. तिथे मातीच्या रंगीत बाहुल्या बनत. पहिला नमुना एकानं हातानं घडवायचा, त्यावरून साचे काढायचे, मग कारखान्यातून शेकड्यानं बाहुल्या. एफ्राइम मास्तरांनी जन्मभर नमुनेच घडवले. आता त्यांचे हात थरथरायचे. उद्या मालकांना नमुना पसंत पडला, की त्यांची जागा सायलसला.

मास्तरांच्या घरी पोचून त्यानं त्यांच्यापुढे फडकं सोडलं.

"बघा मास्तर. माझी मेंढपाळीण."

सुरेख होती. हसरी, जिवंत.

"नखं छान स्वच्छ आहेत रे तुझी, मातीचा कण नाही," मास्तर म्हणाले.

सायलसनं हात मागे घेतले.

मास्तरांनी फळीवरची आपली मेंढपाळीण काढून शेजारी ठेवली. गावात घरोघरी होती तीच.

"उंची सारखीच आहे," सायलस घाईनं म्हणाला. "नक्कल असती तर बुटकी नसती का झाली?"

विचारलं नव्हतं कुणी.

म्हणाला ते मात्र खरं. भाजताना माती आकसते. तयार बाहुलीवरून साचा काढला, तर त्यातून निघणारी हमखास बुटकी.

मास्तरांनी दोघींना टेबलावर निजवलं. पावलाला पाऊल लावून.

सायलसच्या बाईचं डोकं दुसरीच्या कानापाशीच थांबलं. उरलेली उंची पायांखालच्या फुलांच्या चबुतऱ्याची होती.

…

"तुमच्या घरातून नाही नेली," सायलस खाली बघत पुटपुटला. "आईकडची होती. तिच्यावरूनच साचा घेतला."

"हं."

"आधी माझी घडवून बघितली, मास्तर. परत परत. चेहरा मेलेलाच यायचा."

मास्तरांनी वाकून पलंगाखालची पेटी ओढली. आतून तिसरी मेंढपाळीण निघाली, जुनी, रंग उडालेली. तिलाही निजवली. पावलाला पाऊल लावून.

ती मास्तरांच्या बाईपेक्षाही लांब भरली. तिच्या पायांखाली चबुतरा नव्हताच.

मास्तरांच्या बाईच्या पायांखाली हिरव्या गवताचा उंचवटा होता. लहानपणापासून ती बाहुली बघणाऱ्या सायलसला तो आज दिसला.

"ही कुणाची?"

"माझ्या मास्तरांची."

…

"उद्या तिघी मालकांपुढे ठेवू," मास्तर म्हणाले. "अशाच निजवून."

सायलसला वर बघवेना. "माझं जाऊ द्या. पण सारं गाव म्हणतं, मास्तर, मेंढपाळीण तुमची."

मास्तरांनी तिघींवर फडकं ओढलं.

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं."