निस्यंदगिरीचे डोळे

कृतयुग सरत आले होते आणि पर्वतांना अजून पंख होते, तेव्हापासून ही कथा सुरू होते. मन मानेल तेथे उडावे, मन मानेल तेथे बसावे, आणि आपल्याखाली कोणाचे नगर चिरडले याची विचारपूसही करू नये, असा त्या गिरिराजांचा उन्मत्त क्रम चालला असता त्रस्त पृथ्वीने देवराजाकडे धाव घेतली. आणि वज्रपाणी इंद्राने एकेकाचे पंख छाटून त्यांना जागच्या जागी खिळवून टाकले. बाकीचे पर्वत गर्जले, त्यांनी अग्नी ओकला, इंद्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उत्तर दिशेचा निस्यंद नावाचा पर्वत तेवढा काही न बोलता नुसता रडू लागला.

देवांना लाज क्वचितच वाटते. त्या दिवशी इंद्राला वाटली. तो ऐरावतावरून उतरला आणि म्हणाला, “हे गिरिश्रेष्ठा, छाटलेले पंख मला जोडता येत नाहीत, पण वर देता येतो. तुझे हे अश्रू अखंड वाहतील, आणि ते पिऊन तुझ्या अंगाखांद्यावर माणसे जगतील. जोवर ते मोकळे वाहतील तोवर तू अचल राहशील. मात्र ज्या दिवशी कोणी ते कोंडील, त्या दिवशी घटकाभर तुझे पंख तुला परत मिळतील.” हा वर होता की धमकी, हे त्या वेळी कोणालाच उमगले नाही.

पुढे त्रेतायुगात निस्यंदगिरीच्या उतारावर माणसांची वस्ती झाली. देवदारांच्या घनदाट छायेत त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते रचली आणि त्यांना दगडी बांध घातले. त्या बांधांत चिखल नाही, चुना नाही. दगडावर नुसता दगड, आणि दर दोन हातांवर मूठभर पोकळी. या पोकळीला ते ‘डोळा’ म्हणत. डोंगराच्या पोटातले पाणी त्यातून झिरपून खाली जाई. दर आषाढात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईने वेळूची काडी घेऊन आपल्या बांधाचे सगळे डोळे साफ करायचे, हा त्यांचा कुळाचार होता. ज्या घराची भिंत पाझरत नाही त्या घरात मुलगी देऊ नये, असे तेथे म्हणत. मैदानातले विद्वान याला अडाणीपणा म्हणतील. म्हणोत बापडे!

या डोंगरावरच्या कुटजग्रामात तमाली नावाची वृद्धा राहत होती. काडी धरण्याचा मान गावात तिचा पहिला. तिची एकुलती एक लेक शमी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आणि त्याच वर्षी समभूमीचा सम्राट विपुलकेतू याला निस्यंदगिरीवर भक्ती करण्याची इच्छा झाली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटे नाही. आपल्या प्रासादाच्या गच्चीवरून हिमधवल शिखर पाहता पाहता या चक्रवर्तीने ठरवले की त्या शिखरावर सुवर्णकलशाचे शिवमंदिर उभारायचे आणि तेथे आठ घोड्यांच्या रथातून जायचे. चालत नव्हे, रथातून! ज्या शंकराने स्मशानात बसण्यात कमीपणा मानला नाही, त्याच्या भेटीला जाताना याच्या पायांना धूळ लागता कामा नये. मग काय विचारता? पाचशे वर्षांचे देवदार पाच महिन्यांत आडवे झाले, पर्वताच्या कुशीत रथमार्ग कोरला गेला, आणि कोरलेला कडा खाली येऊ नये म्हणून कुटजग्रामाच्या डोक्यावर साठ हात उंचीची तासीव दगडांची भिंत चढू लागली. राजाचा शिल्पाचार्य सुघट हा त्या कामाचा अधिपती होता.

तमाली त्याच्यापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, “आचार्य, भिंत बांधता आहात तर बांधा. आम्हाला कोण विचारतो? पण तिला डोळे ठेवा. डोळे नसलेली भिंत या डोंगराला सोसत नाही.”

सुघट काही मूर्ख नव्हता. पाणी कोंडले की भिंत फुटते हे त्याच्याही शास्त्रात लिहिले होते. त्याने म्हातारीकडून दोन हातांचे माप समजून घेतले आणि त्या भिंतीला ओळीने डोळे ठेवले. श्रावणाच्या आरंभी त्यांतून पाणी झुळझुळू लागले, तेव्हा तमालीने त्याला आपल्या हाताने ताक नेऊन दिले.

परंतु कलशारोहणाच्या पाच दिवस आधी राजा मार्ग पाहण्यास आला. रथ भिंतीपाशी येतो न येतो तोच वरच्या डोळ्यातली धार त्याच्या मुकुटावर आणि तेथून नव्या पीतांबरावर पडली. राजज्योतिषी तत्काळ डोळे मिटून म्हणाला, “महाराज, ही रुदती भित्ती! मंगल कार्याच्या वाटेवर रडणारी भिंत म्हणजे साक्षात अपशकुन!”

“सुघटा,” राजा गर्जला, “माझ्या विजयमार्गावर ही कोण रडते आहे? तीन दिवसांत हिचे रडणे बंद कर!”

“महाराज, शास्त्र असे सांगते की...” सुघटाने सुरुवात केली.

“तुझे शास्त्र मोठे की माझा मुहूर्त?”

सुघटाने मान खाली घातली. लाख, डिंक आणि बेलफळाचा गर उकळून केलेला वज्रलेप, जो हजार वर्षे सुटत नाही असे म्हणतात, तो घेऊन त्याने तीन दिवसांत सगळे डोळे बुजवले. अज्ञानाला क्षमा असते. ज्याला ठाऊक असते आणि तरी जो मान खाली घालतो, त्याला कोणत्या नरकात जागा द्यावी हे यमधर्मानेच सांगावे!

पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी कुटजग्रामाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा झरा आटला. भर श्रावणात झरा आटला! तमाली धावत वर गेली तर भिंतीला पोट आलेले. घरी शमी पाच दिवसांची बाळंतीण, कुशीत तान्ही मुलगी. तिला पावसात उचलून कोठे न्यायची? तशीच तमाली ओलेत्याने राजाच्या शिबिरात शिरली.

“महाराज, भिंतीचे डोळे उघडा! डोंगर फुगलाय. खाली तीस घरं आहेत, माझी बाळंतीण लेक आहे.”

राजा उदारपणे हसला. “म्हातारे, भिऊ नकोस. मंदिर झाले की यात्रा येईल, तुमचे कल्याण होईल. आणि एवढी भीती वाटत असेल तर समभूमीत चला. मी तुम्हाला घरे देतो.”

“आम्ही हजार वर्षं इथं राहिलो, महाराज, तेव्हा डोंगर पडला नाही,” तमाली म्हणाली. “तुम्ही आलात आणि आम्हीच निघायचं?”

द्वारपालांनी तिला दंडाला धरून बाहेर काढले. ती गावाकडे धावली. तिने दारोदार जाऊन डोंगर फुगल्याचे सांगितले. पण लेकराबाळांना चालता येईल अशी गावाची एकच वाट होती, आणि कलशारोहणाला चिखलाची पावले नकोत म्हणून राजाच्या सैनिकांनी ती अडवून धरली होती. आता राजाला शब्द ऐकवू शकेल असा एकच पुरुष त्या पर्वतावर होता. पलीकडच्या खांद्यावर, जेथे हरिणे व्याघ्रांशेजारी पाणी पीत आणि वाराही होमधूमाचा सुगंध घेऊनच पुढे सरके, अशा आश्रमात दार्षद मुनी मौनव्रत धरून बसले होते. बारा वर्षांचे व्रत. ते पुरे होताच सदेह ब्रह्मलोकी जाण्याचा त्यांचा अधिकार. मार्गाचा आरंभ करताना राजाने त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले होते, आणि मुनींनी मुकाट्याने हात उचलला होता. राजाने तो आशीर्वाद मानला. मानणारच!

एकट्याने जेमतेम चढता येईल अशा मागच्या शेळीवाटेने तमाली तेथे पोहोचली आणि तिने मुनींच्या पायांवर लोळण घेतली. “मुनिवर, राजा तुमचा शब्द मोडणार नाही. एकदाच बोला. ‘थांब’ म्हणा. नुसतं ‘थांब’ म्हणा!”

मुनींनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत करुणा होती. ती नव्हती असे मी म्हणणार नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि हाताची तीन बोटे वर केली. व्रत संपायला तीन दिवस उरले होते.

तमाली त्या तीन बोटांकडे पाहत असतानाच पर्वताला पंख फुटले.

प्रथम एक खोल घरघर झाली, मग साठ हातांची ती भिंत कागदासारखी बाहेर उलगडली, आणि युगायुगांचे कोंडलेले दुःख घेऊन निस्यंदगिरीचा अर्धा उतार उडाला. एका घटकेत कुटजग्रामाच्या जागी चिखल, शिळा आणि तोडलेल्या देवदारांची खोडे एवढेच उरले. शमी त्याखाली गेली. जिचे बारसेही झाले नव्हते ती मुलगीही गेली. भिंतीपाशी उभा असलेला सुघट गेला. राजा मात्र वाचला, कारण तो शिबिरातून वर शिखरावर कलशापाशी गेला होता. खाली यायला मार्गच न उरल्यामुळे त्या चक्रवर्तीला पलीकडच्या धनगरांनी पाठुंगळी घेऊन खाली उतरवले.

उतरताच त्याने प्रायश्चित्तासाठी आश्रम गाठला. “मुनिवर, केवढा हा दैवी कोप!” तो म्हणाला. “मी शांतिहोम करीन, सहस्रभोजन घालीन.”

दार्षद मुनी ताडकन उठले. व्रत पुरे होण्याआधीच बारा वर्षांचे मौन त्यांच्या ओठांवर फुटले आणि कमंडलूतले पाणी हातावर घेऊन ते गर्जले, “दुरात्म्या! दैवी कोप म्हणतोस? स्वतःच्या हाताने पर्वताचे डोळे बुजवलेस आणि पाप देवाच्या माथी मारतोस? तुझे राज्य...”

“थांबा!” तमाली ओरडली.

ती गावाच्या जागेवरून परतून चिखलाने माखलेली उभी होती. हातात वेळूची काडी होती. एवढीच तिच्या घराची वस्तू वर राहिली होती. “आता आवाज फुटला होय, मुनिवर? वरातीमागून घोडे! तुमच्या शापानं माझी लेक उठणार आहे का? याला अक्कल नव्हती. भिंत बांधणाऱ्याला धैर्य नव्हतं. तुमच्याकडे तर दोन्ही होतं. तुमचा एक शब्द माझ्या नातीच्या जिवाइतका होता, आणि तो तुम्ही स्वर्गासाठी राखून ठेवलात!”

मुनींच्या हातातले पाणी गळून गेले. ते म्हणाले, “माते, शाप देण्याचा अधिकार माझा नाही, तुझा आहे. मला दे.”

“देते,” तमाली म्हणाली. “वेळेवर बोलला नाहीत, तर आता बोलतच राहा. जिथं जिथं माणूस डोंगराचे डोळे बुजवील, तिथं तिथं डोंगर उडायच्या आधी तुम्ही ओरडून सांगायचं. हुकूम देणारा एक जरी माणूस तुमचं ऐकून वेळेवर थांबला, तर त्या दिवशी सुटाल. तोवर ब्रह्मलोक नाही.”

मुनींनी ओंजळ पुढे करून तो शाप घेतला, आणि बारा वर्षांचे तप मागे टाकून ते निस्यंदगिरीच्या भेगेत शिरले. तमाली उरलेल्या दगडांपाशी बसली आणि चिखलातून एकेक पोकळी मोकळी करू लागली.

तेव्हापासून सर्व पर्वतांवर असे घडते की कडा सुटण्याआधी स्वच्छ झरे गढूळ होतात किंवा एकाएकी आटतात, आणि जमिनीच्या पोटातून घरघर ऐकू येते. ते दार्षद मुनी बोलत असतात. डोंगरातल्या बायका तो आवाज ओळखतात आणि लेकरे उचलून शेजारच्या डोंगरधारेवर जातात. ही कथा ऐकल्याने पुण्य लागते असे मी सांगणार नाही. नुसत्या ऐकण्याने काय होते ते विपुलकेतूने दाखवून दिले आहे. एवढेच सांगतो, की त्रेता सरले, द्वापर सरले, कलियुगाची कित्येक शतके उलटली. गेल्या श्रावणातही कुठेसा झरा गढूळ झाला होता. मुनी अजून सुटलेले नाहीत.