झाकणाच्या आतली ओळ

आठवलं की अजून मान खाली जाते. माझी नवी टर्बो गाडी घाट चढताना ठकठक करायला लागली, तसा मी पायथ्याच्या पंपावर परत आलो आणि सकाळी पेट्रोल भरलेल्या छबूताईंवर बरसलो. "भेसळ करता? तुमची नोकरीच घालवतो! आणा ती तक्रार वही!"

छबूताईंनी आधी फिल्टर पेपर आणून त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला. थेंब उडून गेला, डाग राहिला नाही. पेट्रोल शुद्ध होतं. तरी मी हटेना. "मग इंजिन का ठोकतंय?"

त्यांनी वही उघडली. "सांगा साहेब, लिहून घेते. फक्त टाकीचं झाकण उघडून आत काय लिहिलंय तेवढं मोठ्याने वाचा."

मी वाचलं, "किमान पंच्याण्णव ऑक्टेन."

"सकाळी मी तेच भरू म्हटलं. तुम्ही काय भरायला लावलंत?"

"साधं," मी पुटपुटलो, "एक्क्याण्णवचं."

"मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू, साहेब?"

मागची अख्खी रांग हसली. बावीस वर्षं कॉलेजात इंजिनच शिकवतोय, मला शिकवू नका, असं सकाळी मीच त्यांना ऐकवलं होतं.