उणे रान

आपण ज्या दगडापाशी उभे आहात, त्याच्या माथ्यावर एक खाच दिसते. ती पावसाने पडलेली नाही, आणि टाकीने कोरलेलीही नाही. कामठ्याचे, म्हणजे बांबूच्या धनुष्याचे, खालचे टोक तीत रोवून, तो गुडघ्याने वाकवून, त्याची दोरी उतरवता उतरवता दगड झिजला आहे. या जागेला दोरखिंड म्हणतात. येथून पुढे वाघदेवाच्या ठाण्यापर्यंत, कामठा ज्याच्या खांद्यावर असेल त्याने दोरी जवळ बाळगायची नाही, असा रिवाज आहे. ती सोबतच्या माणसाकडे द्यायची, आणि तो माणूस आपला नसावा. विश्वासातल्या माणसाकडे दोरी सोपवणे येथे गैर मानतात. पाहुण्यांना हे उलटे वाटते; म्हणून हकिगत आरंभापासून ऐकावी.

खिंडीच्या अलीकडे दोन पाडे आहेत: वरपाडा आणि तळपाडा. पलीकडे वाघदेवाचे ठाणे आहे, आणि ठाण्यासमोर मोहाचे रान. पूर्वी फाल्गुनात, मोहफुले गळू लागण्याआधी, वरपाड्याचा तिरंदाज ठाण्यावरून एक बाण सोडत असे. बाण पडेल तेथपर्यंतचे रान त्या वर्षापुरते वरपाड्याचे, त्यापुढचे तळपाड्याचे. वरपाड्याने वाटेत कामठा बदलून दुसरा, अधिक ताठ कामठा आणू नये, म्हणून तळपाड्याचे एक माणूस साक्षीला बरोबर चाले. दोन्ही पाड्यांत वैर नव्हते, सोयरीकही नव्हती. होती ती केवळ एकमेकांवर नजर.

एका वर्षी कामठा वेस्ता नावाच्या तरुणाकडे आला. तो त्याच्या बापाने घडवलेला होता. चुलीवरच्या धुरात बांबू मुरवून, मोहाच्या बियांचे तेल पाजून बापाने तो सिद्ध केला, आणि त्याच हिवाळ्यात बाप वारला. तसा बांबू रानात पुन्हा मिळाला नाही. प्रवासात दोरी उतरवावी, कामठा तेलाच्या फडक्यात गुंडाळावा, तापल्या दगडावर टेकवू नये, हे वेस्ताला लहानपणापासून ठाऊक होते. दोरी चढवलेला कामठा उभ्या जागी झुंजत राहतो आणि ऐन वेळी त्याच्यात जोर उरत नाही, हे तेथे लेकरूही सांगेल.

तरीही वेस्ताने दोरी उतरवली नाही. कारण त्या वर्षी साक्षीला नेहमीचा म्हातारा आला नव्हता. ठुमली नावाची एक विधवा आली होती. म्हाताऱ्याचे गुडघे धरले आहेत, असा निरोप होता. वेस्ताला तो निरोप पटला नाही. तळपाड्याची माणसे कामठा कसा हिसकावून घेतील, कोठे गाठतील, याचाच विचार करत तो चालू लागला. दोरी चढलेली, बाण हाताशी.

पहिल्याच मुक्कामाला ठुमलीने भाकर पुढे केली. वेस्ता म्हणाला, “मला भूक नाही.” त्याच्या पोटातला आवाज तिला ऐकू गेला, असे सांगतात.

ती म्हणाली, “भाऊ, भाकर नको तर नको. पण दोरी उतरव. कामठा दमतो.”

“कामठा माझा आहे, काकी. दमला तर मी उचलीन.”

“उचलशील रे. पण त्यातून बाण सुटेल का?”

“तळपाड्याच्या बाईला वरपाड्याच्या कामठ्याची एवढी काळजी कशाला?”

“कामठ्याची नाही, माझ्या डोक्याची. वाटेत तो बिघडला, तर तुझा पाडा कोणाला धरील? वाघदेवाला?”

उत्तर सरळ होते. वेस्ताला मात्र त्यातच फास दिसला. दोरी उतरलेला कामठा म्हणजे काठी. काठीवाल्याला कोणीही लुटील. सल्ला जितका योग्य, तितका डाव खोल, असे त्याने मनाशी पक्के केले. झोपतानाही कामठा त्याच्या छातीवर होता, तसाच ताणलेला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात दोघे या खिंडीत पोचली. ह्याच दगडाच्या सावलीला बसली. तेवढ्यात करकर असा बारीक आवाज झाला. वाळल्या पानांवर कोणी जपून पाऊल टाकावे, तसा. वेस्ताने वळून पाहिले, कोणी नाही. पुन्हा आवाज. ठुमली त्याच्याकडेच टक लावून पाहत होती. वेस्ता उठला, बाण लावला आणि तिच्यावर रोखला.

“तुझी माणसं बाहेर बोलाव.”

ठुमली जागची हलली नाही, असे म्हणतात. ती म्हणाली, “ओढ. अजून ओढ. आणि आवाज कुठून येतो ते ऐक.”

त्याने दोरी ओढली. करकर त्याच्या मुठीतून आली. मुठीच्या वर बांबूला केसाएवढी चीर पडू लागली होती.

“तळपाड्याची माणसं तुझ्या मुठीत दडलीत होय रे?” ठुमलीने विचारले.

वेस्ताने बाण काढला, दगडाच्या माथ्यावर कामठ्याचे टोक दाबून धरले आणि दोरी उतरवली. कामठा सरळ झाला नाही, वाकलेलाच राहिला. बापाची वस्तू आपल्याच हाताने बिघडली, हे त्याला त्या क्षणी कळले. तो दोरी कमरेला खोचू लागला, तोच ठुमलीने हात पुढे केला.

“ती इकडे दे.”

“का?”

“आत्ता बाण कोणावर रोखला होतास? इथवर तू माझ्यावर संशय घेतलास आणि मी मुकाट्याने चालले. आता माझी पाळी. दोरी माझ्याकडे, नाहीतर मी इथूनच परत फिरते. साक्षीशिवाय सोड तुझा बाण. बघू कोण मानतं ते.”

वेस्ताने दोरी तिच्या हातात दिली नाही, म्हणे. दगडावर ठेवली आणि मागे सरला. तो मागे सरल्यावरच तिने ती उचलली. पुढची वाट दोघांनी अंतर राखून कापली. एकाकडे काठी होती, दुसरीकडे सुतळी. शस्त्र कोणाकडेच नव्हते.

ठाण्यावर दोन्ही पाडे जमले होते. वेस्ताने दोरी परत घेतली, जपून चढवली, बाण सोडला. तो गेल्या वर्षीच्या खुणेच्या पुष्कळ अलीकडे पडला. वरपाड्यात एकच गलका झाला. दोरी कोणाकडे होती? ठुमलीकडे! हिनेच भिजवली, हिनेच सैल केली. बाण पुन्हा सोडा, आणि हिला जाब विचारा.

वेस्ता गप्प राहिला असता, तर रानही वाचले असते आणि दोषही दुसऱ्याच्या माथी गेला असता. ठुमली त्याच्याकडे पाहत उभी होती.

वेस्ता म्हणाला, “खिंडीपर्यंत दोरी मी उतरवलीच नाही. भ्यायलो होतो. कामठा मी मारला.”

“हिने याला काहीतरी चारलंय!” वरपाड्यातून कोणी ओरडले.

“हिच्या भाकरीला मी शिवलोसुद्धा नाही,” वेस्ता म्हणाला, “आणि उपाशी मेलो.”

तळपाड्यालाही हे खरे वाटेना. आपला दोष कोण असा सांगतो? यातही वरपाड्याचा काही डाव असणार. अखेर वडीलधाऱ्यांनी निवाडा दिला: जुन्या खुणेपासून या बाणापर्यंतचे रान कोणाचेच नाही. तेथली फुले वेचायची असतील, तर एका पाड्याच्या माणसाने दुसऱ्या पाड्याच्या माणसादेखत वेचावीत. आणि यापुढे कामठा वरपाड्याकडे, तर दोरी खिंडीपासून तळपाड्याकडे राहील.

काहीजण या कथेच्या शेवटी दोन्ही पाड्यांची सोयरीक जोडतात. तो पदरचा भाग आहे. मूळ कथेत तसे नाही.

त्या पट्ट्याला उणे रान म्हणतात. आजही तेथे कोणी एकटे मोहफुले वेचत नाही. फुलांच्या दिवसांत दोन्ही पाडे रानातच मुक्कामाला असतात. पहाटे वरपाड्याची बाई एका बाजूने येते, तळपाड्याची दुसऱ्या बाजूने, आणि दोघींच्या टोपल्या एकाच झाडाखाली टेकतात. कशाला आलात, असे विचारले तर दोघीही सांगतील, “हिच्यावर लक्ष ठेवायला.” मात्र एकीला यायला उशीर झाला, तर दुसरी फुलाला हात लावत नाही, वाटेकडे डोळे लावून बसून राहते.