वरातीची गाडी आणि अडकित्ता

हजरजबाबीपणात अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायला तयार होत नाही.

आमच्या बँडात मी ढोल बडवतो आणि दामूमास्तर क्लॅरोनेट वाजवतात. म्हणजे, वाजवायचे. एका वरातीत नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर नाचणाऱ्या करवल्या बघत राहिला आणि गाडी मागून मास्तरांना धडकली. मास्तर तोंडातल्या क्लॅरोनेटसकट पालथे पडले. पुढचे दात गेले, मान आखडली आणि ऐन लग्नसराईत वाद्य खुंटीला लागलं. मास्तरांनी भरपाईचा दावा लावला.

तारखेच्या दिवशी विमा कंपनीचे वकील कोर्टाच्या व्हरांड्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत आम्हाला फुकटात कायदा शिकवायला बसले. केवढी ती दया!

"अहो मास्तर, वरातीची गाडी ती! तिच्यापुढं म्हाताऱ्यासुद्धा फुगड्या घालतात. बंपरला ओरखडा नाही, नवरदेवाचा फेटा हलला नाही. इतक्या हळू गाडीनं कुणाला इजा होते का? दावा मागं घ्या आणि गुमान घरी जा."

मी ऐटीत तोंड उघडलं, पण आत काही सापडेना. तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी, छबूवहिनी, उठल्या. त्यांनी वकिलांच्या हातातला अडकित्ता अलगद काढून घेतला, उघडून त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाल्या,

"वकीलसाहेब, ह्याला तरी कुठं ओरखडा आलाय? घाला बोट आत. मी अगदी वरातीच्या चालीनं दाबते."