नळीवरचा काळा रंग

“आणि हे मधलं काळं काय?” भिंतीवरच्या पेटत्या नळीकडं बघत बसय्या स्वामींनी विचारलं.

“रंग हाय, स्वामी. मुद्दाम दिलेला.” केरबा खुशीत हसला. एवढा वेळ तो ह्याच प्रश्नाची वाट बघत होता.

गडहिंग्लजकडच्या त्या लहानशा मठात स्वयंपाकघरामागं दगडी पायऱ्या होत्या. दिवस कलला की तिथं काही दिसत नसे. स्वयंपाक करणाऱ्या रत्नाक्का तिथंच घसरून पडल्या आणि मनगट दुखावून बसल्या. कुणी तरी साधा बल्ब लावायला निघालं, तर केरबा आडवा आला. “मी असताना बल्ब?”

केरबाचं एके काळी निऑन पाट्यांचं दुकान होतं. काच तापवून अक्षर वळवावं तर केरबानंच, असं लोक म्हणत. पुढं नव्या तऱ्हेच्या पाट्या आल्या, दुकान मिटलं, हातही थरथरू लागला. तो मठात येऊन राहिला. पण आल्यागेल्याला आपल्या पाट्यांची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

दिव्यासाठी त्यानं भंगारवाल्याकडं खेटे घातले. बंद टॉकीजच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर आणला, तिचीच जाड वायर घेतली. मोडक्या ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी ठोकून सरळ केली. नळी मात्र त्याच्या स्वतःच्या दुकानावरची होती. एका अखंड नळीत वळवलेलं नाव... ‘केरबा’.

पायऱ्यांवरच्या भिंतीला, हात पोचणार नाही इतक्या उंच त्यानं ते बसवलं. बटण दाबताच बारीक गुणगुण सुरू झाली आणि नाव लालभडक पेटलं. मठातली माणसं बघतच राहिली.

“मुद्दाम का दिला?” स्वामींनी पुन्हा विचारलं.

“नळी एकच हाय न्हवं. एका अक्षरातनं दुसऱ्यात जाताना मधी जोड येतो. तो झाकला न्हाई तर नाव वाचता येत न्हाई. मागची बाजू पण काळी केलीया. अक्षर कसं उठून दिसतं बघा.”

“झाकलंय तिथं उजेड नाही?”

“हाय की. आत सगळीकडं सारखाच...”

केरबा मध्येच थांबला.

स्वामी वरच्या बाकावरून उठले. भिंतीला हात लावत, पायानं चाचपडत पायऱ्या उतरले. तळाशी उभे राहिले.

“केरबा, मी दिसतोय का?”

“...नीट न्हाई, स्वामी.”

“तुझं नाव मला लख्ख दिसतंय.”

केरबाचा चेहरा उतरला. “रंग खरवडला तर अक्षर मोडंल. माझ्या हातचं हे शेवटचं. आता असं न्हाई जमायचं मला...”

स्वामी तसेच चाचपडत वर आले आणि बाकावर टेकले.

केरबानं बटण बंद केलं, शिडीवर चढून नळी उतरवली, मांडीवर घेतली आणि ब्लेड काढलं. मागची बाजू भराभर खरवडली. दोन अक्षरांमधल्या जोडाशी आल्यावर हात अडला. त्या वळणावरून त्यानं एकदा अंगठा फिरवला... आणि ब्लेड टेकवलं.

नळी पुन्हा चढली. बटण दाबलं.

चुन्याची भिंत उजळली. तिच्यावरून उजेड खाली सांडला. पायऱ्या, बाकावरचे रिकामे कप, कोपऱ्यातला रांजण, तळाशी निजलेलं मांजर, सगळं दिसू लागलं. वर नुसता लाल गुंता होता. नाव कुठंच नव्हतं.

खालून रत्नाक्का आल्या. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात चहाची किटली. भिंतीचा आधार न घेता त्या वर चढल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

“काय लिवलंय म्हणायचं हे, केरबादा?”

केरबानं तोंड उघडलं. गोष्ट ओठांवर आली होती... ती तिथंच राहिली. त्याला एकदम हसू आलं, मोकळं.

“काय न्हाई, अक्का. आणा ती किटली इकडं.”

किटली घेऊन तो स्वामींकडं वळला. “स्वामी, आता ह्याला म्हणायचं तरी काय?”

“चहा ओत,” स्वामी म्हणाले. “कप दिसायला लागलेत.”