कमरपट्टा

"बाई, आज तरी बेटाला वळसा घालून येऊ ना?"

मोंडकर बाई दोरीची गाठ सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विहंगला धीर कुठला! वारा असा सुटला होता, की किनाऱ्यावरच्या सुरूंच्या अंगात आलं होतं. शिडाच्या फळीवर उभं राहायला, म्हणजे विंडसर्फिंग शिकायला, तो पुण्याहून बाईंकडे येऊ लागला, त्याला आता दोन हंगाम झाले. एकट्याने बेटाला वळसा घालायचा, तर बाईंनी 'जा' म्हणायला हवं. तो शब्द काही बाईंच्या तोंडून निघत नव्हता.

आणि आज तर तो हार्नेसचा नवा पट्टा बांधून आला होता! जुना मांड्यांतून घ्यायचा, बसल्यासारखा. पोरं त्याला लंगोट म्हणून चिडवायची. नवा नुसता कमरेला, शिडाची दोरी अडकवायचा आकडा थेट बेंबीपाशी. मोठे खेळाडू असाच बांधतात.

बाईंनी एकदाचं पाहिलं.

"लंगोट सोडलंस नि कमरपट्टो बांधलंस? लगीन ठरला की काय रे तुझा?"

"थट्टा नको, बाई. यात अंग कसं मोकळं राहतं बघा! मी आता उडणार."

"उतावळो नवरो..." म्हणत बाईंनी त्याच्या शिडाच्या दोऱ्या थोड्या आखूड करून दिल्या. आकडा वर आला, तर दोरी आखूड हवी. "जा, खाडीत एक फेरी मारून ये."

तो गेला. काय सुसाट गेला! त्याची आनंदाची आरोळी किनाऱ्यापर्यंत ऐकू आली.

परत आला, तेव्हा कमरपट्टा बरगड्यांपर्यंत चढला होता. तो धापा टाकत होता, पण डोळे चमकत होते.

"पट्टो बसलो?" बाईंनी विचारलं.

"मस्त बसला!"

"हात दाखव."

तळवे लालबुंद. दोन फोड फुटलेले.

"अंगाचो भार पट्ट्यार, मगे हात कोणाक धरून होते?"

"शिडाला... सुटलं तर?"

बाईंनी एक दोरी सुरूच्या खोडाला बांधली, तिचा फास त्याच्या आकड्यात अडकवला आणि मागच्या टपरीतल्या मुलीला हाक मारली, "दोन चाय आण गो!"

चहा आला. दोन कप, काठोकाठ भरलेले. बाईंनी त्याच्या दोन्ही हातांत एकेक दिला.

"आता मागे पड. चाय सांडूची नाय."

"पडेन मी!"

"मगे पड."

विहंग आधी सवयीने खाली बसायला गेला. पट्टा वर सरकला, चहा हिंदकळला. हाताने दोरी धरावी, तर हातात कप. त्याने ओठ चावले, पाय सरळ केले आणि अंग मागे सोडून दिलं.

दोरी ताणली. पट्टा कमरेला घट्ट बसला. आता तो तिरका लोंबत होता आणि कपातून थेंबही सांडत नव्हता.

"बाई!" तो ओरडलाच. "बाई, हातांवर भारच नाही की हो! जोर लागतच नाही!"

त्याला हसू आवरेना. इतके दिवस ज्या शिडाशी तो कुस्ती खेळत होता, त्याला नुसतं लटकायचं होतं. बाईंनी त्याच्या एका हातातला कप घेतला आणि शांतपणे घोट घेतला.

बेटापलीकडे पाणी पांढरं होऊन उसळत होतं. विहंगने आकडा सोडवला. त्याचे पाय जागेवर ठरत नव्हते.

"पण बाई... पट्ट्याने भार धरला, शिडाने वारा धरला. मग मी धरू तरी काय?"

बाईंनी बेटाकडे हनुवटी केली.

"वाट."